कापूसवाल्याची वखार

सायखेड्याच्या बाजारपेठेतल्या कापूसवाल्याच्या वखारीत कापूस कुणी कधी पाहिला नव्हता. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. सातासमुद्रापलीकडं कुठं तरी लढाई पेटली आणि कापसाला सोन्याचा भाव आला, त्या काळात एका परगावच्या व्यापाऱ्यानं ती बांधायला काढली. गोदावरीचा, तिकडच्या बोलीत गंगेचा, पूर बाजारात शिरतो म्हणून जोतं पुरुषभर उंच घेतलं, पेठ गावाकडच्या रानातून सागाचे खांब आणले, भिंती अशा जाड की आत कुणी ओरडलं तरी रस्त्यावर ऐकू जाऊ नये. वर कौलं चढली आणि तिकडं लढाई संपली. व्यापारी कपाळाला हात लावून गेला तो पुन्हा दिसला नाही. जी वास्तू आपल्या धन्याला पावली नाही ती कुणालाच पावायची नाही, असं जुनी माणसं म्हणत. जुनी माणसं काय, काहीही म्हणतात. पण या वखारीच्या बाबतीत त्यांचं बोलणं खोडून काढायला कुणी पुढं येत नसे.

पुढं एका दाणेवाल्यानं ती घेतली. वखार गावाच्या जुन्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या उंचवट्यावर होती, खालची माती कोरडी आणि घट्ट. त्यानं आतल्या जमिनीतच पेवं खणली. वर एका माणसापुरतं तोंड, खाली रांजणासारखं सुटलेलं पोट. तळाला आणि कडेला कडब्याचा थर, मधे जोंधळा, तोंडावर दगडी फाडी आणि फाडीभोवती शेणमातीचं लिंपण. असं बंद केलेलं धान्य वर्षानुवर्षं राही, आणि भाव चढला की पेव फोडायचं.

दाणेवाल्याच्या काळात मोठा दुष्काळ पडला. बाहेर माणसं तरोट्याचा पाला उकडून खात होती आणि आत पेवं भरलेली होती. शेवटी सरकारी हुकूम आला तेव्हा त्यानं घाईघाईनं कोपऱ्यातलं पेव फोडायला लावलं. वखारीत कामाला असलेल्या साळूबाईचा नवरा आत उतरला. पोटात विषारी वाफ साचलेली होती. हाकेला त्याचा ओ येईना, म्हणून त्याला काढायला धाकटा भाऊ उतरला, आणि त्या दोघांना काढायला त्याच्याहून धाकटा. एका घरातले तिघं एका दुपारी गेले. त्या वेळी कामावरच्या बाया जवळच भाकरी खात बसल्या होत्या. लोकांनी अर्थ लावला तो असा, की दुष्काळातलं पेव, त्यानं डोळ्यांदेखत भाकरी पाहिली आणि त्यालाही भूक लागली. तेव्हापासून वखारीत रीत पडली. उघड्या पेवासमोर कुणी खायचं नाही. जेवायची वेळ झाली की तोंडावर गोणपाट टाकायचं, मगच भाकरीचं फडकं सोडायचं. दाणेवाल्याचं घर प्लेगात धुऊन गेलं, वखारीला कुलूप लागलं, मग काही वर्षं तिथं दारूच्या मक्त्याची पिंपं होती, मग आताच्या मालकाच्या, इनायतशेठच्या, बापानं ती घेऊन पेवं पुन्हा भरली. मालक बदलत गेले, गोणपाटाची रीत तेवढी राहिली.

कुसाबाई खंडेरावाच्या घरी नांदायला आली त्याच वर्षी तिला ही सगळी हकीकत खुद्द साळूबाईच्या तोंडून ऐकायला मिळाली. नव्या नवरीला सांगायची का ही गोष्ट? पण साळूबाईपाशी दुसरी गोष्टच नव्हती. खंडेरावाचं घराणं पेवं काढणाऱ्यांचं. बाप उतरायचा, आजा उतरायचा. तेव्हा कुसाबाईच्या मनात जी भीती बसली ती बसलीच. वखारीत कामाला जाताना ती फाडीवरून कधी चालत नसे, वळसा घालून जाई. खंडेराव तिची थट्टा करी. "मांजर आडवं गेलं तर ही मांजराच्या आधी घरात पळंल," असं चारचौघांत म्हणे आणि स्वतःच हसे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तशातली गत. ती गप्प बसून सुपातला जोंधळा पाखडत राही.

तिला धीर होता तो एकाच गोष्टीचा. उतरणाऱ्याच्या काखेतून बांधलेला दोर वर धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावानं, अशी त्या धंद्यातली चाल होती. सख्खा भाऊ एखादे वेळी वाटणीसाठी दोर सोडील, पण बहिणीचं कुंकू पुसायला कुणी भाऊ धजणार नाही, हा त्यातला हिशेब. कुसाबाईला भाऊ एकच, गोटीराम. आई गेली तेव्हा तो रांगत होता. कुसाबाईनंच त्याला काखेत वागवला, स्वतःच्या ताटातलं भरवलं, आणि लग्न होऊन सायखेड्याला आली तेव्हा पाठीमागून त्यालाही आणवून घेतला. आता तो बाप्या झाला होता. बायको पहिल्या बाळंतपणाला कळवणला माहेरी गेली होती आणि हा दर बाजाराच्या दिवशी तिकडून कुणी आलंय का म्हणून गाड्या हुडकत हिंडायचा. तो वर दोर धरून उभा असला की कुसाबाईचा श्वास निम्मा तरी आत-बाहेर होई.

सन चौतीसच्या वैशाखात इनायतशेठ स्वतः चालत त्यांच्या घरी आला. मालक घरी आला म्हणजे काम अडलेलं असणार, हे कुसाबाईनं चुलीपाशीच ओळखलं. शेठ काही वाईट माणूस नव्हता. अंगानं जाड, आवाजानं मऊ, गड्याला कधी शिवी द्यायचा नाही. पण दाण्याचे भाव असे काही कोसळले होते की बाजारातला एकही व्यापारी धड झोपत नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून त्यानं उरलेलं पेव बंद ठेवलं होतं आणि भाव काही वर येत नव्हते.

"खंडेराव, कोपऱ्यातलं पेव फोडायचंय," ओट्यावर टेकत तो म्हणाला. "देवळाली कॅम्पातल्या ठेकेदाराचा निरोप आलाय. पलटणीच्या खेचरांना जोंधळा पाहिजे. परवा गाड्या निघाल्या पाहिजेत, नाहीतर तो दुसरीकडून घेतो."

खंडेराव तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला. "कोपऱ्यातलंच काहून, शेठ? दाराजवळची हायेत की."

"ती रिकामी झाली, तूच तर काढलीस. दुसरं काय उरलंय माझ्याकडं?"

"त्याला पुराचं पानी लागलंय. परवाच्या साली गंगा जोत्याला भिडली व्हती."

"म्हणूनच म्हणतो ना. आणखी एक पावसाळा गेला तर सगळं कुजेल. मग खेचरंसुद्धा तोंड लावायची नाहीत."

खंडेरावानं तंबाखू तोंडात टाकली. "फाडी आज काढू. रातभर तोंड उघडं राहिलं पायजे. सकाळी दिवा सोडायचा. दिवा जळला तर मी उतरतो. नाय जळला तर राहू द्या खेचरं उपाशी."

"कबूल," शेठ म्हणाला. जाताना त्यानं उगाच कुसाबाईकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

तो वळणाआड गेला तशी ती पुढं झाली. "त्याच पेवात साळूआत्याची तिघं गेली."

"तव्हा दिवा सोडला नव्हता. मी सोडनार हाय."

"मला भ्या वाटतंय."

"तुला कव्हा वाटत नाय, त्ये सांग. त्या दिशी नवं भांडं फुटलं तर दोन घास जेवली नाय तू." मग तिचा चेहरा पाहून तो जरा नरमला. "गोट्या हाय ना वर. तुझा भाऊ हाय म्हनल्यावर मला यमसुद्धा न्यायचा नाय."

संध्याकाळी पहार घालून फाडी उचलली तेव्हा आतून कोमट, आंबूस वास आला. ताक फार दिवस राहिल्यावर येतो तसा. कुसाबाईनं पदर नाकाला लावला. गोटीरामनं वाकून पाहिलं आणि "भरलंय की गळ्यापर्यंत," असं म्हणाला. साळूबाई कुठून तरी काठी टेकत आली होती. ती आत आली नाही, पायरीवरच बसली, आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही.

सकाळी खंडेरावानं कंदील दोरीला बांधून आत सोडला. वात जरा थरथरली आणि सरळ जळत राहिली. सगळ्यांनी पाहिलं. कुसाबाईनंही पाहिलं, तरी पुन्हा एकदा सोडा म्हणाली. त्यानं पुन्हा सोडला. पेव गळ्यापर्यंत भरलेलं असल्यानं कंदील फार खाली गेलाच नव्हता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

खंडेरावानं धोतर वर खोचलं, काखेतून दोर घेतला, पेवाच्या तोंडाला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि पाय आत सोडले. मग काम सुरू झालं. तो पाटी भरी, वर गडी ओढून घेत, बाया चाळण्या धरून बसल्या होत्या. कडेचा काळा पडलेला जोंधळा वेगळा, मधला पिवळट वेगळा. दोराशी गोटीराम. थोड्या थोड्या वेळानं तो हाक घाली, "दाजी, हाय का?" आणि खालून जबाब येई, "हाय." ही हाक चुकवायची नाही, हाही नेमच. वाफ लागली की माणसाची जीभ आधी जड होते, दारू प्यायल्यासारखी. कुसाबाईचे हात चाळणीत आणि कान त्या जबाबाकडं. प्रत्येक "हाय" ती तोलून घेत होती.

खंडेरावाचा आवाज हळूहळू खोल गेला, कारण दाण्याची पातळी खाली जात होती. मधेच गोटीराम ओरडला, "दाजी, दोर सोडला का तुमी? हलका लागतोय."

"कडंला खरवडताना आडवा येतोय. बांधतो परत."

"बांधा आधी."

"बांधला बाबा, बांधला. बहीन तसा भाऊ."

वरच्या बाया हसल्या. कुसाबाई हसली नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्याला वर घेतलं. अंगभर धुरळा, डोळे लाल, घामानं दाणे पाठीला चिकटलेले. "जोंधळा लय गरम हाय खाली," एवढंच तो म्हणाला आणि मडक्याला तोंड लावून पाणी प्यायला. बायांनी फडकी सोडायला घेतली. आता पेवाचं तोंड झाकायचं होतं, आणि ते काम कुसाबाईनं आपण होऊन घेतलं.

नेहमी काय करत, एक गोणपाट टाकत आणि मोकळे होत. कुसाबाईनं दोन गोणपाटं एकावर एक अंथरली. कडेनं दगड ठेवले. तरी तिचं मन भरेना. सकाळपासून मनात साळूबाईची गोष्ट चालली होती, आणि फडक्यातून कांदा-भाकरीचा वास दरवळला होता. हा वास खाली गेला तर? तिनं मडक्यातलं पाणी घेऊन माती भिजवली आणि गोणपाटाच्या कडा चांगल्या लिंपून काढल्या. कुठं फट दिसेना तेव्हा ती उठली.

"बाळंतिनीची खोली झाकली जनू," एक बाई म्हणाली.

"झाकू दे," पायरीवरून साळूबाई बोलली. "बराबर केलंस पोरी. त्याला वाससुद्धा जाऊ देऊ नये."

जेवणं झाली. वैशाखाचं ऊन, सकाळपासूनची मेहनत, माणसं जिथं बसली होती तिथंच आडवी झाली. खंडेराव खांबाला डोकं टेकून घोरायला लागला. कुसाबाईला त्या दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं. नवरा डोळ्यांसमोर, भाऊ त्याच्या शेजारी, आणि पेवाचं तोंड बंद. ती त्याच्या पाठीचे दाणे एक एक काढत बसली.

इनायतशेठ आला तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. बाहेर गाड्या येऊन लागल्या होत्या, बैल पाण्यासाठी हंबरत होते. "अरे बाबांनो, निम्मंही झालं नाही," तो हात चोळत म्हणाला. त्याच्या मऊ आवाजालाही घाई लागली होती. माणसं ओशाळून उठली. गोटीरामनं वाळलेलं लिंपण पायानं उडवलं, दगड बाजूला केले, गोणपाट ओढलं. खालून पुन्हा तोच आंबूस वास आला, सकाळपेक्षा दाट.

"दिवा सोडा," कुसाबाई म्हणाली.

"सकाळी सोडला ना," खंडेराव दोर बांधत म्हणाला.

"परत सोडा."

"आता काय घासाघासाला दिवा लावायचा? मी सकाळधरनं खालीच व्हतो ना, मेलो का?"

"शेठ, तुमी सांगा यांना."

शेठनं गाड्यांकडं पाहिलं, कुसाबाईकडं पाहिलं. "त्याचं त्याला कळतं, कुसाबाई," तो म्हणाला. आणि खंडेराव उतरला.

पहिली पाटी वर आली. दुसरी आली. गोटीरामनं हाक दिली आणि "हाय" आलं. आणखी एक पाटी आली, अर्धीच भरलेली. कुसाबाईची चाळणी थांबली.

"दाजी, हाय का?"

खालून काही तरी आलं, पण तो शब्द नव्हता. घशात अडकल्यासारखा आवाज होता.

"ओढ," कुसाबाई उठता उठता ओरडली. गोटीरामनं आधीच ओढायला घेतलं होतं, आणि ओढता ओढता तो मागं पडला, कारण दोर भसकन वर आला. त्याच्या टोकाला सैल गाठ होती आणि गाठीत माणूस नव्हता. खंडेरावानं कडेला खरवडायला तो पुन्हा काढून ठेवला होता.

 सगळेच एकदम बोलायला लागले. शेठ "या अल्ला, या अल्ला" करत खांबाला धरून खाली बसला. गोटीरामनं तोच दोर स्वतःच्या काखेतून घातला.  "धरा रे," तो गड्यांना म्हणाला. "मी जातो. त्यांना बांधतो, मंग आधी त्यांना घ्या."

त्याचं वाक्य कुसाबाईला ऐकू आलं आणि तिला पायरीवरची साळूबाई दिसली. म्हातारी उठून उभी राहिली होती.  तिच्या नवऱ्याला बांधायला तिचा दीर उतरला होता, तोही असाच दोर काखेत घालून. बांधायचं तर स्वतःचा दोर सोडून त्याला द्यावा लागतो.

"कंदील सोड आधी," कुसाबाई म्हणाली.

"आक्का, वेळ नाय."

तिनं खांबाजवळचा कंदील स्वतःच उचलला, पेटवला आणि दोरीनं आत सोडला. गळ्याखाली तो जेमतेम हातभर गेला असेल. वात निळी झाली, बसली आणि विझली. कुणी फुंकर घातली नव्हती. कुसाबाईनं दोरी सोडून दिली. गोटीराम पाय आत टाकायला वाकला तेवढ्यात ती त्याच्या आणि पेवाच्या तोंडाच्या मधे बसली. पाय आडवे टाकून, हात दोन्हीकडं रोवून, अशी की तिला तुडवल्याशिवाय कुणाला आत जाता येऊ नये.

"उठ, आक्का."

"नाय."

"दाजी खाली हायेत. तुझा नवरा हाय खाली."

"म्हाईत हाय मला कोन खाली हाय."

"मरतील त्ये."

"तू गेलास तर दोघं मरतील. वारं घाला आधी. घोंगडी आना. पानी आना. काय बघत उभे राहिले सगळे?"

गोटीरामनं तिला दंडाला धरून ओढलं. ती हलली नाही. त्यानं तिला ढकललं, मग एक हात तिच्या तोंडावर बसला. मुद्दाम की झटापटीत, ते त्यालाही कळलं नसेल. ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं. लहानपणी त्याला ताप आला की ती अशीच रात्र रात्र त्याच्या अंथरुणाच्या कडेला बसायची. "मार," ती म्हणाली. "हानमार कर, पन उतरू देनार नाय. उतरायचंय ना तुला? मंग पानी आन जा. जेवढ्या लवकर आनशील तेवढ्या लवकर उतरशील."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि तो रडत रडत पाण्याकडं धावला.

घोंगडी आली. तिची चार टोकं बांधून केलेली झोळी दोराला लावली. कुसाबाई अंग चोरून एका कडेला सरकली, पण हात आडवा ठेवला तो ठेवला. झोळी खाली जाई, फुगून वर येई, वर येताना तो दाट वास घेऊन येई. वारं खाली जावं म्हणून पाण्याचे हंडे पेवाच्या भिंतीच्या कडेनं ओतले. पुन्हा झोळी. खाली काही हलत नव्हतं. तोंडातून उजेडाचा एक तुकडा आत पडला होता, त्यात खंडेरावाची पोटरी दिसत होती, दाण्यांत निम्मी बुडालेली. कुसाबाई तिच्याकडं पाहत दोर खेचत होती.

आणि तिथं बसल्या बसल्या तिला उमगलं. सकाळी हाच माणूस दुपारपर्यंत खाली होता, त्याला काही झालं नव्हतं. पाट्या खालीवर होत होत्या, वारं हलत होतं. मधे झालं काय? मधे फक्त ते तोंड बंद झालं होतं. वरून दोन गोणपाटं, कडेनं चिखल, कुठं फट नाही. आत ओला जोंधळा आंबत होता आणि त्याची वाफ जायला तिनं वाट ठेवली नव्हती. जे केलं ते त्याला जपायला केलं होतं.  तिनं दोर मनगटाला गुंडाळला आणि पुन्हा खेचायला लागली.

दुसरा कंदील सोडला. कडेच्या मातीपर्यंत गेला, मिणमिणला. पुन्हा झोळी, पुन्हा पाणी. पुन्हा कंदील. या वेळी तो खंडेरावाच्या पोटरीपाशी जाऊन टेकला आणि जळत राहिला. कुसाबाईनं हात काढला.

"आता जा," ती म्हणाली. "दोन दोर ने. तुझा सोडायचा नाय."

गोटीराम गेला तसा आला. आधी खंडेराव वर आला, ओल्या गोणीसारखा. ओठ निळसर, डोळे अर्धे उघडे. त्याला जोत्यावर वाऱ्याला नेऊन पालथा घातला, पाठ चोळली, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. गोटीराम त्याच्या पाठीला कान लावून बसला होता. कुसाबाई चार हात दूरच उभी राहिली. जवळ जायचं तिच्यानं होईना. मग खंडेराव ओकला, आणि त्याच्या नाकातून दाणे बाहेर पडले.

लोकांनी नमस्कार केले. भिंतीकडं पडला म्हणून वाचला, वरून ओतलेल्या पाण्याबरोबर वारं आधी तिथंच गेलं, असं गडी म्हणत होते. साळूबाईनं वेगळाच निर्वाळा दिला. "झाकनं नीट घातलं व्हतं म्हून परत दिला त्यानं."

"त्या झाकन्यानंच नेला व्हता," कुसाबाई म्हणाली.

कुणी लक्ष दिलं नाही. बाई भानावर नाही म्हणून तिला पाणी दिलं. पण इनायतशेठनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा घरी आला, ओट्यावर न बसता उभ्यानंच त्यानं तिला विचारून घेतलं, आणि तिनं लिंपणासकट सगळं सांगितलं. शेठनं टोपी काढून डोकं पुसलं. ठेकेदारानं जोंधळा दुसरीकडून घेतला होता. "बुजवा," तो शेवटी म्हणाला. "सगळी बुजवा. मला नको ती वखारीत."

खंडेराव आठ-पंधरा दिवसांत हिंडूफिरू लागला. डोकं दुखायचं, बोलताना मधेच शब्द सापडायचा नाही. पेवं बुजवायचं काम त्यांनाच मिळालं. नदीकाठचा मुरूम गाड्यांनी आणायचा आणि पाट्यांनी आत टाकायचा. तोवर बाजारात ती गोष्ट चघळून झाली होती. न्हाव्याकडं खंडेराव डोकं करायला बसला तेव्हा कुणी तरी हसत म्हणालं, "लोकांच्या बायका सती जातात, तुझी उरावर बसली." त्याला काही ठाऊक नव्हतं. शुद्धीत कुठं होता तो? त्यानं सगळं ऐकून घेतलं, डोकं अर्धं भादरलेलं असताना, आणि घरी येऊन काही बोलला नाही.

बोलला नाही, पण कुसाबाईला कळलं. पेवाच्या कडेशी तो पाटी रिकामी करत असला आणि ती आपली पाटी घेऊन मागं आली, की तो बाजूला होई. आधी तिला वाटलं, वाट देतोय. मग ध्यानात आलं, तो आधी वळून बघतो. ती मागं असताना त्याला त्या तोंडाशी उभं राहवत नव्हतं. आयुष्यभर भिण्याबद्दल जिची थट्टा केली, तिचीच आता त्याला भीती वाटत होती.  यापेक्षा त्यानं मारलं असतं तर बरं, असं तिला वाटलं.

उरलेला जोंधळा तसाच खाली ठेवून कोपऱ्यातलं पेव बुजवत आणलं होतं. गोटीराम गाडीबरोबर नदीवर गेला होता, वखारीत ती दोघंच होती. तिनं पाटी खाली ठेवली.

"बोला एकदाचं."

खंडेरावानं फावडं टेकवलं. "तू बसली व्हतीस?"

"व्हय."

"मी खाली असताना."

"व्हय. दिवा विझला तव्हा बसले, दिवा जळला तव्हा उठले. आन् झाकनं मीच लिंपलं व्हतं, त्येबी तुमाला कुनी सांगितलं नसंल तर मी सांगते. त्यानंच वाफ कोंडली."

तो ओठ हलवत राहिला, शब्द शोधत. "भावासाठी बसलीस."

कुसाबाईनं हातातला मुरूम झटकला. "तुमी वर असता आन् गोट्या खाली पडला असता," तिनं विचारलं, "तर तुमी काय केलं असतं?"

"उतरलो असतो."

"दिवा विझल्यावर?"

"तरी उतरलो असतो."

"मंग तव्हाबी मी तशीच बसले असते," ती म्हणाली. "गोट्या खाली मरत असता तरी तुमाला उतरू दिलं नसतं. त्याला मी या हातांनी वाढवलाय."

खंडेराव तिच्याकडं बघत राहिला. तिचा ओठ अजून पुरता भरला नव्हता. बाहेर गाडीचा खडखडाट आला, गोटीराम बैलांना हाकारत होता. खंडेरावानं खाली वाकून तिची पाटी फावड्यानं भरली, तिच्या डोक्यावर उचलून दिली, आणि तिच्याकडं पाठ करून पेवाच्या कडेशी आपली पाटी रिकामी करायला गेला.